मागचं दार
मिस्त्रीचा पारा सकाळपासून चढलेला होता. जुन्या मोटारीचं मागचं दार कोणीतरी आतून चौकटीलाच वेल्ड करून टाकलं होतं. गाठीवर गाठ, मध्ये जळकी भोकं, आणि ग्राइंडरच्या दोन डिस्क झिजल्या तरी सांधा सुटेना. "माकडाच्या हाती कोलीत," तो पुटपुटला. गाडीची मालकीण मागेच उभी होती. "ताई, ही कारागिरी कोणाची?" "बाबांची. लहानपणी मी या दाराला टेकले आणि चालत्या गाडीतून रस्त्यावर पडले." तिनं हनुवटीवरच्या व्रणावर बोट ठेवलं. "दुसऱ्याच दिवशी त्यांनी मशीन उसनं आणलं. त्याआधी कधी हातही लावला नव्हता." संध्याकाळपर्यंत चरफडत मिस्त्रीनं सांधा कापला, दार मोकळं केलं, नवं लॉक बसवलं. किल्ली देण्याआधी मात्र तो मागच्या सीटवर बसला आणि सगळा भार टाकून दाराला टेकला. मग पुन्हा टेकला.