धर्मेंद्रच्या नावाचं रक्त

धारणीच्या घाटात जीप चालवतानाच एक तरुण ड्रायव्हर हार्टअटॅकने गेला, तेव्हापासून मालकाने तिशीतल्या पोरांनाही रक्त तपासून आणायला लावलं. त्याचीच दुसरी जीप चालवणारा धर्मेंद्र घाबरला. त्याचे वडील ऐन चाळिशीत बसल्या जागी गेले होते, आणि त्याचा स्वतःचा तंबाखू-सुपारीचा खर्रा काही सुटत नव्हता. मग त्याने धाकट्या भावाला, प्रफुललाच आपल्या नावाने रक्त द्यायला पाठवलं. पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर घोड्यासारखा पळणारा पोरगा. त्याच्या रक्तात काय खोट निघणार?

रिपोर्ट पाहून डॉक्टर गंभीर झाले. कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं; हृदयाची तपासणी होईपर्यंत जीप बंद, दगदग बंद. मालकाने किल्ली काढून घेतली.

धर्मेंद्र धावतच घरी आला. प्रफुल बुटाच्या नाड्या बांधत होता.

"पळू नको, बाबू. ते रक्त तुयं होतं."

"परवा भरतीची दौड हाये, दादा."

"अरे, डॉक्टर नाही म्हनते!"

"तुले नाही म्हनते." प्रफुल उठला. "कागदावर नाव तुयं हाये. मले कोन अडवते?"