निरोप

“पुन्हा चुकलं,” बाई म्हणाल्या. “तो म्हणाला, मी दमलोय. आता हे तू सांगतेयस. मग दमलंय कोण? तू का तो?”

चिऊनं वहीतल्या इंग्रजी ‘ही’वर पेन्सिल टेकवली.

“मग ‘ही सेड दॅट आय ॲम टायर्ड’ कसं होईल? तो ‘आय’ बदलायला नको? आणि खुणा करू नकोस. तोंडानं सांग.”

चिऊ वहीकडे बघत राहिली.

महिनाभर हेच चाललं होतं. शिकवणी लावताना आईनं सांगितलं होतं, आजारपणात पोरीची शाळा बुडाली, बोलायची सवय मोडलीय, शक्यतो लिहूनच घ्या. पण बाईंची उभी हयात शिकवण्यात गेली होती. हट्टी मुलं त्यांनी कमी पाहिली नव्हती. लिहून घ्यायचं म्हणजे लाड करायचे, असं त्यांचं मत होतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली. तिथं चिऊच्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं.

“चिऊ, आईला विचार, माझा चष्मा कुठं ठेवलाय तिनं.”

चिऊ उठली. आतल्या खोलीत आईचं शिवणयंत्र खडखडत होतं. दारात उभं राहून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “आई, बाबा विचारतायत, माझा चष्मा कुठं ठेवलायस?”

“त्यांना सांग, कपाळावर हात लावून बघा.”

चिऊ बाहेरच्या दाराशी गेली. “बाबा, आई म्हणते, कपाळावर हात लावून बघा.”

“सापडला म्हणून सांग.”

“आई, बाबा म्हणतात, सापडला.”

मग ती येऊन खुर्चीत बसली आणि तिचं तोंड पुन्हा मिटलं.

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. एका छपराखाली राहणारी दोन मोठी माणसं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती आणि पोरीला टपालपेटी करून ठेवली होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी आईला हळूच विचारलं होतं. “दुकान घरात आणलं तेव्हा बिनसलं,” एवढंच बोलून आईनं सुईत दोरा ओवायला घेतला होता.

“बरं,” बाई म्हणाल्या, “पुस्तक राहू दे. बाबांनी आता काही सांगितलं की तेच इंग्रजीत लिहायचं.”

फार वाट बघावी लागली नाही. बाबा म्हणाले, “आईला सांग, मला भूक लागलीय.” चिऊ निरोप देऊन आली आणि तिनं लिहिलं, ‘फादर सेड दॅट आय ॲम हंग्री.’

“अगं, भूक कुणाला लागलीय?”

चिऊनं बाहेरच्या खोलीकडे मान वळवली.

“मग हा ‘आय’ कुठून आला? वाक्य त्यांचं आहे, तुझं नाही. सांग बघू, तुला लागलीय का भूक?”

चिऊ पेन्सिलीचं टोक वहीत रुतवत राहिली.

“साधं विचारतेय. हो किंवा नाही. त्या दोघांशी बोलताना बरी जीभ चालते. माझ्यासमोरच काय होतं? माझं काही चुकतंय का?”

चिऊचे ओठ हलले. मग डोळे भरून आले आणि ओठ पुन्हा मिटले.

बाईंनी पुस्तक आपटलं. आतलं यंत्र थांबलं. बाहेरची टिकटिक तेवढी चालू राहिली.

“दोघंही जरा इकडे या,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. “मला बोलायचंय.”

आई आली, खांद्यावर मोजपट्टी तशीच. बाबा आले, त्यांच्या हातात चिमटा होता. दोघं दोन दारांत उभी राहिली. आईनं चिऊच्या डोळ्यांकडे पाहिलं, पदरानं ते पुसले आणि म्हणाली, “कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ये. दुकानदारांना सांग, आईनं काळा दोरा मागितलाय.”

चिऊनं मान हलवली आणि चपला घालून गेली. बाबांनी तिच्यामागे दार लोटून घेतलं.

“मी आजपासून येणार नाही,” बाई म्हणाल्या. आता थांबणं शक्य नव्हतं. “आणि का येणार नाही तेही ऐका. ह्या पोरीला स्वतःचं असं एक वाक्य उरलेलं नाही. दिवसभर तुमचं ह्यांना आणि ह्यांचं तुम्हाला. ‘मी’ म्हटलं की तिला तुम्ही आठवता, नाहीतर हे आठवतात. तुमचं काय भांडण असेल ते असो. पण त्याची शिक्षा लेकराला का? चष्मा हवा, भूक लागली, एवढंही एकमेकांना सांगता येत नाही? लाज वाटायला हवी.”

दोघं खाली मान घालून ऐकत राहिली. त्यामुळे बाईंना जास्तच चीड आली. त्यांनी पिशवीत पुस्तक कोंबलं.

आईनं खिडकीचा पडदा जरासा सारून रस्त्यावर नजर टाकली. चिऊ वळणापलीकडे गेली होती. मग तिनं खुर्ची ओढून नवऱ्यापुढे ठेवली.

“बसा तुम्ही. सकाळपासून पाय दुखतोय ना?”

“तू आधी पाणी दे बाईंना,” बाबा म्हणाले. “आणि आता सांगून टाक. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

बाईंचा हात पिशवीतच राहिला. त्या एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होत्या.

“आमचं भांडण मिटून वर्ष झालं, बाई,” आई म्हणाली. “पण तिच्याकडे निरोप दिला नाही, तर ती बोलतच नाही.”