रिकामी टोपली

बाजारात न्यायचे आवळे नीलाबाईनं अंगणात ओतले, रिकाम्या टोपलीत लेक दुर्गाच्या गिनीपिगला बसवलं आणि तिला घेऊन कुरखेड्याची बस धरली. मामानं नागपूरहून आणलेला गोलू तीन दिवस पाय ओढत चालत होता. आज तर हिरड्यांतून रक्त आलं होतं.

"बैल असता त चटकन सांगतलं असतं," म्हणत जनावरांच्या डॉक्टरनं नागपूरच्या मित्राला फोन लावला. मग म्हणाला, "बाई, याले व्हिटॅमिन सी कमी पडलं. आजच थेंब पाजा. इथी नाई भेटत, वडशाले जा."

वडशाचं पहिलं मेडिकल बंद होतं, दुसऱ्यात औषध नव्हतं. गोलूनं डोळे मिटून घेतले होते.

"मरन का वो हा?" दुर्गा रडत होती.

"काय खाऊ घातलं होतं तू त्याले?" नीलाबाई तिच्यावरच खेकसली.

"मी आवळा देत होती, त तूच हिसकला. विकाचा हाये म्हणली."

तिसऱ्या दुकानात एकच बाटली होती. घाईघाईनं झाकण उघडताना नीलाबाईचा हात थांबला.

बाटलीवर आवळ्याचं चित्र होतं.