टिकलीमागचा डिंक

"टिकली काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

जयवंताचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तीन वर्षांत तिने कुणासमोर टिकली काढली नव्हती. रात्री झोपतानाही ती कपाळावर असायची. शेवटी शेजारी बसलेल्या प्रतीक्षाने, तिच्या लेकीने, हळूच नखाने ती सोडवली. खाली रुपयाएवढा पांढरा डाग होता.

सुरुवातीला तो तांदळाच्या दाण्याएवढा होता. डाग वाढला तशी टिकली वाढली. नवरा देवीदास अकोटजवळ भाजीपाला पिकवणारा साधा माणूस. वांग्या-मिरच्यांच्या पलीकडे त्याला काही दिसत नाही, अशी जयवंताची खात्री होती. त्यालाही तिने कळू दिलं नव्हतं. आता मात्र तिचा धीर सुटला होता. येत्या रविवारी हिवरखेडची मंडळी प्रतीक्षाची सोयरीक पक्की करायला येणार होती. मुलगा, गोपाल, प्रतीक्षाच्या मनात भरला होता. आणि आईला कोड आहे म्हटलं की लोक पोरीला नकार देऊन मोकळे होतात. निव्वळ अडाणीपणा आहे हा, पण शिकलेल्या घरांतही तो ठाण मांडून बसला आहे. म्हणून "पोरीले डबा देऊन येतो" असं घरी सांगून जयवंता एसटीने अमरावतीला आली होती. प्रतीक्षा इथेच खोली घेऊन शिकत होती.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढला. "चेहऱ्याला काय काय लावता?"

"काईच नाई लावत बाप्पा. बेसन, साय, अन् सनावाराले हळद. क्रीम तं ही पोरगी घरात ठेवूच देत नाई. डबीच्या मांगचं सारं वाचते."

"आणि टिकली?"

जयवंताला हसूच आलं. "टिकली लावनं म्हंजे काय लावनं झालं का?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी टिकल्यांचं पाकीट मागितलं. प्रतीक्षाने ते आईच्या पिशवीतून काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. पुढे कमळाचं चित्र, मागे किंमत. डिंक कशाचा आहे, याबद्दल एक अक्षर नाही. शॅम्पूच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून घरच्यांचं डोकं खाणारी ही पोर, पण टिकलीचं पाकीट तिने आजवर कधी उलटं केलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

"हे कोड नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही टिकल्यांच्या डिंकात एक रसायन असतं. ते काहींच्या कातडीचा रंग मारतं. हे आईकडून मुलीकडे जात नाही. तुम्ही मोठी टिकली लावलीत, डिंक जास्त जागेवर लागला, डाग आणखी पसरला. आता काही महिने तिथे काहीच लावायचं नाही. टिकली नाही, कुंकूही नाही. मलम देते. बहुतेकदा रंग हळूहळू परत येतो."

जयवंताला रडू कोसळलं. कोड नाही म्हणून, आणि तीन वर्षं उगाच जीव जाळला म्हणूनही. मग डोळे पुसून तिने विचारलं, "येवढा रविवार लावू द्या ना."

"एक दिवसही नको."

तरी परतताना तिने एसटीत टिकली लावलीच. नवरा धडधाकट असताना मोकळ्या कपाळाने गावात पाय कसा ठेवायचा?

रविवारी पाहुणे आले. गोपाल, त्याचे वडील पुंजाराम आणि आई गोदाबाई. गोदाबाईंची नजर भारी करडी. जयवंता पोह्यांच्या ताटल्या घेऊन निघाली आणि आरशासमोर अडली. आज झाकता येईल. उद्या कळलं तर पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. तिने टिकली ओढून काढली आणि मागे वळून न बघता बाहेर आली.

"काहून वं बाई, कपाळ मोकळं?" गोदाबाईंनी ताटली घेताघेताच विचारलं. "अन् हे पांढरं काय व्हय?"

जयवंताने सगळं सांगितलं. डाग, भीती, डिंक. प्रतीक्षाने डॉक्टरबाईंचा कागद आणून दिला. गोपालने तो वाचला आणि आईला समजावून सांगितला. देवीदास खाटेच्या कडेला बसून ऐकत होता.

गोदाबाईंनी दोन घास पोहे खाल्ले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"लपवलं असतं तं मी उठून गेली असती," त्या म्हणाल्या. "पोरगी पसंत हाय आमाले."

प्रतीक्षा आत पळाली. जयवंताला पुन्हा रडू यायला लागलं.

"पन येक सांगा मले," गोदाबाई काही सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "इतली मोठी टिकली आनाचं काय सुचलं तुमाले?"

"मी कुठं आनली? घरचा बजार तं हेच..."

जयवंता बोलता बोलता थांबली. अकोटला भाजी विकून येताना चहापत्ती, तेल, टिकल्या सारं देवीदासच आणायचा. मोठी टिकली आण, असं तिने एकदाही सांगितलं नव्हतं. दर काही महिन्यांनी पाकिटातली टिकली आपोआप मोठी यायची, आणि बरं झालं, एवढंच तिला वाटायचं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

"मले वाटे," देवीदास म्हणाला, "जुनी आता पुरत नसन तुले."