एकच मुद्दा

"शुक्रवारच्या भाषणासाठी एकच मुद्दा निवडायचाय, आई. बाईंनी कार्डावर लिहून मागितलाय. खाली तुझी सही."

लेकीने कार्ड टेबलावर सरकवलं. वर विषय छापलेला होता, 'मदतनीस कुत्रे'. खाली तीन ओळी कोऱ्या.

आईने गॅस बारीक केला. "हाच विषय कशाला घेतलास?"

"घेतला नाही, चिठ्ठीत निघाला. सगळे म्हणाले, हिची तर चंगळ आहे! मदतनीस घरीच."

मदतनीस त्या वेळी टेबलाखाली, लेकीच्या पावलांवर हनुवटी टेकून बसला होता. रस्त्यात सापडलेलं पिल्लू वर्षभरात वासराएवढं झालं होतं. त्याच्या गंभीर बैठकीवरून बाबांनी त्याला 'पंत' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

पंतांच्या लाल जाकिटावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कामावर आहे. हात लावू नका.' जाकीट आईनेच ऑनलाइन मागवलेलं. इमारतीत कुत्रे पाळायला बंदी होती. सूट फक्त मदतनीस कुत्र्याला. पिल्लू सोडून यायचं ठरलं तेव्हा लेक दोन दिवस जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी आईने अर्ज लिहिला. मला अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे, कुत्र्याला त्याची आधी चाहूल लागते. डॉक्टर मावसभावाने "एवढी एकदाच हं, ताई," म्हणत चिठ्ठी दिली.

धादांत खोटं. तिला साधी चक्करही कधी आली नव्हती. पण पोरीच्या तोंडून काही निसटू नये म्हणून तिलाही तेच सांगून ठेवलं होतं.

तेव्हापासून शेजारी लिफ्टमध्ये तिच्या हातातली पिशवी घ्यायचे. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा स्वतः काठी टेकत यायचे आणि दार धरून म्हणायचे, "आधी तुम्ही. जपून हो." तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हल्ली ती जिन्यानेच जायची, तर तिथेही कोणीतरी भेटायचंच. "अहो, एकट्या कशाला चढता?"

"मी पंतांवरच बोलते ना," लेक म्हणाली. "ते काय काय करतात त्यावर."

"नको." आईचा आवाज जरा चढलाच. "घरचं चारचौघांत कशाला? प्रशिक्षण घे. त्यांना कसं शिकवतात, किती महिने लागतात. मुद्देसूद होईल."

"पण पंत तर..."

"प्रशिक्षण."

लेकीने पेन्सिल उचलली. 'प्रशि' इतकं लिहून हात थांबला. समोरच्या भिंतीकडे बघत ती गप्प बसून राहिली. पंत तर आधीच उठून दोन्ही पुढचे पाय तिच्या मांडीवर टाकून मोकळे झाले होते.

"रुसायचं काम नाही," आई म्हणाली. "आणि पंत, खाली उतरा! नुसतं लाडावून ठेवलंय. परवा भर जिन्यात आडवे पडले, शाळेची बस चुकली."

लेकीने डोळे मिचकावले. "हं? काय म्हणालीस?"

"म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं?"

तसं लेकीवर आईचं लक्ष बारीक असायचं. दप्तराचं वजन, पाण्याची बाटली, कपाळाचा ताप, सगळं ती रोज बघायची. बाबा थट्टेने म्हणायचे, "पोरीची शिंकसुद्धा हिच्या नजरेतून सुटत नाही."

कार्डावर तिने सही केली. सही करताना जीव शरमेने एवढासा झाला. पोरगी मनापासून बोलायला निघाली होती आणि आपण तिला सोयीचं शिकवत होतो.

शुक्रवारी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शाळा गाठली. लेकीला सांगितलं नव्हतं. इमारतीच्या सेक्रेटरीबाईंची मुलगी याच वर्गात होती. इथे बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचलं असतं.

"कुणाला भेटायचंय, ताई?" शिपायाने विचारलं.

"डबा द्यायचाय," ती म्हणाली. हातात डबा नव्हता. शिपायाने हसून फाटक उघडलं, त्याचंच तिला जास्त लागलं.

वर्गाचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

"माझा मुद्दा आहे प्रशिक्षण," आतून लेकीचा आवाज आला. आईने श्वास सोडला.

लेक धीटपणे बोलत होती. आंधळ्या माणसाच्या कुत्र्याला काय काय शिकवतात, समोरून गाडी येत असेल तर मालकाने 'चल' म्हटलं तरी त्याने जागचं कसं हलायचं नाही. मग कागदाची घडी घातल्याचा आवाज झाला.

"पण आमच्या पंतांना कुणीच काही शिकवलेलं नाही. एक दिवससुद्धा नाही."

"म्हणजे जाकीट खोटं!" सेक्रेटरीबाईंची मुलगी ओरडली. "आईला सांगते थांब."

पोरं फिसफिसली. आईचे कान तापले. आता घर, पंत, त्या आजोबांचं दार धरणं, सगळ्याचा हिशेब चुकता व्हायचा होता, आणि तोही अकरा वर्षांच्या पोरीला भर वर्गात उभं करून. निदान हे तरी आपण करू. आत जाऊ, बाईंसमोर हात जोडू, म्हणू की खोटं माझं आहे, हिचा काही दोष नाही. तिने दारावर हात ठेवला.

"खोटं नाही काही," लेक म्हणाली. "पंत आपले आपणच शिकले. माझी शुद्ध जायच्या आधी ते मला खाली बसवतात. पाच महिने झाले."

तिने घडी घातलेला कागद खिशात ठेवला.

"पण माझ्या आईला कुणी सांगू नका हं. तिलाही हेच आहे ना. आपल्यामुळेच पोरीला हा त्रास लागला असं वाटून ती रडत बसेल."