कृपाबाईचं माहेर

दबोराबाई शाळेतून घरी आल्या, तर दारात मोटार उभी. मोटार कसली, घरच होतं ते. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत स्टो, झोपायला दोन बाकं. शिरूरची सगळी ख्रिस्ती वस्ती भोवती जमली होती. मोटारीच्या पायरीवर पंचेचाळिशीची एक गोरी बाई बसली होती. ती उठून पुढं आली.

"दबू, मी एली. कृपाबाईची एली."

मिशनच्या बंगल्यातल्या पाद्रीसाहेबांची ही मुलगी. जन्म शिरूरचाच. नवव्या वर्षी विलायतेला गेली ती आज, त्रेसष्टच्या मार्चमध्ये, पहिल्यांदा परत येत होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, टॉमनं, ही गाडी बोटीनं मुंबईला उतरवली होती. चार महिने देश बघायचा बेत होता. आज तिसरा दिवस. टॉमला अजिंठा बघायचा होता, आग्रा बघायचा होता. एलीनं गाडी आधी शिरूरला आणायला लावली.

तिचं मराठी नवव्या वर्षीच थांबलेलं होतं. "मला लई भूक लागली," ती म्हणाली, तशा बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"आई कुठं हाय?" तिनं विचारलं.

"आई गेली. आठ वरसं झाली."

एली तिथंच पायरीवर बसून रडली. दबोराबाई रडल्या नाहीत. त्यांनी चहा ठेवला.

दबोराबाईंची आई, कृपाबाई, बंगल्यावर एलीची आया होती. रात्रीसुद्धा तिकडंच असायची, एलीच्या खाटेशेजारी चटई टाकून. एली आणि दबोरा एकाच वयाच्या. दबोरा बापापाशी निजायची.

"मला वडगाव रासाईला जायचं हाय," बशीतला चहा फुंकत एली म्हणाली. "आईच्या गावाला."

दबोराबाईंचा हात थांबला. "वडगाव? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच की. मला निजवताना नकुशीची गोष्ट सांगायची. भीमेच्या वाळूत नकुशीच्या बापाची कलिंगडाची वाडी होती. पाचवी पोरगीच झाली म्हणून नाव ठेवलं नकुशी. एकदा मी म्हणलं, कोण गं ही नकुशी? तर म्हणाली, मीच."

दबोराबाईंनी हे नाव उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मोठ्या दुष्काळात आई अनाथाश्रमात आली, बाप्तिस्मा झाला, कृपा हे नाव मिळालं, एवढंच त्यांना ठाऊक. लहानपणी त्या विचारायच्या, "आई, तुझं माहेर कुठलं गं?" कृपाबाई म्हणायची, "देवाघरचं," आणि चुलीत फुंकर घालायची. तिच्या शेवटच्या आजारातही त्यांनी विचारून बघितलं होतं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दबोराबाईंनी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि छत्री घेऊन मोटारीत बसल्या. न्हावऱ्याच्या पुढं कच्चा रस्ता लागला. कपाटातल्या बशा खडखडत होत्या. टॉम काही बोलला, एली हसली. दबोराबाई एका हातानं बाक घट्ट धरून बाहेरचा फुफाटा बघत राहिल्या.

नदी उन्हाळ्यानं आत सरली होती. वाळूत अजून वाड्या होत्या. हिरव्या वेलांत कलिंगडं पडली होती. राखण करणाऱ्या म्हाताऱ्यानं गोऱ्या बाईला मराठी बोलताना ऐकलं आणि एक कलिंगड फोडून पुढं ठेवलं. टॉम फोटो काढत लांब गेला. दोघी वाळूत बसल्या.

"हितं बसून ती कावळं हाकायची," एली म्हणाली. "डबा वाजवायची. थोरल्या बहिणी तिला चिडवायच्या, तुला नदीतनं उचलून आणली म्हणून. ती खरं मानायची. नदीलाच आय म्हणायची."

दबोराबाईंनी हातातली फोड खाली ठेवली. "आन् मग?"

"मग पाऊस आलाच न्हाई. नदी आटली. आधी बाप गेला. मग थोरल्या बहिणीबी गेल्या. नकुशीच्या आयनं तिला खांद्यावर घेतलं आन् शिरूरची वाट धरली. दोन दिस चालली. वाटंत एक लिंब होता. त्याच्याखाली तिला ठेवली आन् म्हणली, बस हितं, उठू नगं, मी आलेच पाणी बघून..."

एली थांबली.

"मग?" दबोराबाई वाळूतच पुढं सरकल्या. एलीचं मनगट त्यांनी धरलं. "आली का ती परत? सांग की गं! पुढं काय झालं?"

एलीनं आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटून बघितलं. मग तिनं मान हलवली.

"ठावं न्हाई, दबू. हितवर आलं की मला झोप लागायची."