पन्नासच्या आत हात लावू नका

"बावीस टक्के! आणि या गाडीचा मालक कुठं उलथलाय?" रेवण्णा ओरडला.

"घरी गेलाय आंघोळीला. येईल." केंगेरीच्या त्या चार्जिंग स्टेशनचा राखणदार मुनियप्पा स्टुलावरून हललाही नाही.

"आणि हे दुसरं मशीन?"

"बंद."

"अहो, पंधरा दिवस झाले की!"

"मग मला काय सांगता? मी काय इंजिनियर आहे?"

रेवण्णाच्या टॅक्सीत सहा टक्के उरले होते आणि घड्याळात अकरा वाजून गेले होते. येलहंकाच्या पलीकडच्या कॉलेजचं फाटक दीडला बंद होणार होतं. त्याआधी सिंचना, त्याची एकुलती एक लेक, आत पोचायला हवी होती. नर्सिंगची प्रवेश परीक्षा, वर्षातून एकदाच. घरापासून चौतीस किलोमीटर. "बाप टॅक्सी चालवतो आणि तू दुसऱ्याच्या गाडीतून जाणार? जमणार नाही," असं त्याने काल रात्री ठणकावून सांगितलं होतं.

आणि आज सकाळीच माती खाल्ली. एकच जवळचं भाडं मारून येतो म्हणून निघाला, तर ॲपने पाठोपाठ लांबच्या इलेक्ट्रॉनिक सिटीचं भाडं गळ्यात मारलं. नाकारायचीही सोय नाही. दोनदा नाही म्हटलं की पुढं आठवडाभर माशा मारत बसायचं. गेला मुकाट्याने, आणि बॅटरीचा पार खडखडाट करून आला.

घरी रात्रभर गाडी लावता आली असती तर ही वेळच आली नसती. पण घरमालक! "तुमच्या त्या बॅटरीने माझी बिल्डिंग पेटेल." त्याच्या स्वतःच्या तीन एसींनी पेटत नाही वाटतं! खालच्या खोलीत महिन्याभरापूर्वी नवा भाडेकरू आला होता, तोही टॅक्सीवालाच. त्यालाही मालकाने चार्जिंगला असंच नाही म्हटलं होतं म्हणे. तो रात्रपाळीवाला असल्याने रेवण्णाने अजून त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

गाडी विकताना कंपनीचा माणूस कसा गोड बोलत होता! चहाचा कप संपेस्तोवर चार्जिंग होतं म्हणे. त्याला इथं आणून उन्हात उभा करायला हवा होता.

फोन वाजला. सिंचना.

"अप्पा, निघालात?"

"निघालोच."

"अम्मा विचारतेय, नक्की येताय ना? नाहीतर ती म्हणते..."

"तिला म्हणावं गप्प बस! येतो म्हटलं ना? तयार राहा."

फोन खिशात कोंबून तो चार्जिंगला लावलेल्या गाडीकडे गेला. वायपरखाली चिठ्ठी होती. या स्टेशनवर सगळेच अशी चिठ्ठी लावायचे. किती टक्क्यांनंतर गाडीत खोचलेली चार्जिंगची गन काढली तरी चालेल ते लिहायचं आणि जायचं. चिठ्ठीचा मान सगळे ठेवायचे. रेवण्णाही आजवर ठेवत आला होता.

'पन्नासच्या आत हात लावू नका. लांब जायचं आहे. हात जोडतो.'

"हात जोडतो म्हणे," रेवण्णा पुटपुटला. "आंघोळी करत बसायला वेळ आहे, आणि हात जोडतो!"

मुनियप्पा तोंडावर रुमाल टाकून डुलकी घेत होता. रेवण्णाने मशीनचं लाल बटण दाबलं. गन सुटली. त्याने ती उपसून आपल्या गाडीत खुपसली आणि चिठ्ठीचा बोळा करून खिशात घातला. मन म्हणत होतं, बरं झालं. सगळ्यांनी माझीच मान का मुरगाळायची?

साडेअकराला एक तरुण धावत आला. केस ओले, कपाळाला विभूती, डोळे जागरणाने लाल.

"अण्णा, माझी गन कुणी काढली? चिठ्ठी होती इथं!"

"मला काय माहीत? मी आलो तेव्हा मोकळीच होती. चिठ्ठी उडाली असेल वाऱ्याने."

"बावीसवर एवढ्या लांब कसा जाऊ हो? शब्द दिलाय मी."

"मग आपल्या गाडीजवळ थांबायचं! आम्ही काय तुझे नोकर आहोत?"

पोराने घड्याळ पाहिलं. भांडायलाही त्याच्याकडे वेळ नव्हता. "एसी बंद ठेवतो, हळू नेतो. पोचेल," असं स्वतःशीच म्हणत तो निघून गेला. रेवण्णाने काच वर केली. विमानतळाचं मोठं भाडं हुकू नये म्हणून चाललेली बोंब, दुसरं काय!

सव्वाबाराला पन्नास टक्के भरून तो घरी पोचला. बायको, शांतम्मा, दारातच उभी होती.

"सिंचनाला बोलाव. चल, उशीर होतोय."

"गेली ती. पावणेबारालाच. मी दुसरी गाडी बघून ठेवली होती."

"माझ्यावर एवढासुद्धा भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे हो. तुमच्या त्या गाडीवर नाही!"

तो तोंडाला येईल ते बोलला. तीही बोलली. शेवटी तिने रागी मुद्द्याचे नाचणीचे गोळे आणि सारूची आमटी वाढलेलं ताट त्याच्यापुढं आदळलं. मग हळूहळू राग निवला आणि आतून बरंच वाटायला लागलं. पोर वेळेत निघाली, हे काय कमी झालं? कुणाच्या गाडीतून गेली, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. जेवून तो तिथंच आडवा झाला.

एक पस्तीसला फोन वाजला.

"पोचलीस ना गं? पेपर सुरू नाही का झाला?"

पलीकडून हुंदकेच ऐकू येत होते.

"अप्पा, गाडी पुलावरच बंद पडली. पंचवीस मिनिटं हात करतेय, कुणीच थांबलं नाही, ॲपवरही गाडी मिळेना. आता फाटक बंद झालं असेल."

"कसली भंगार गाडी केली होती तुझ्या अम्मानं? कोण आहे तो हरामखोर?"

"शिव्या नका देऊ अप्पा. आपल्या खालच्या खोलीतले लोकेश अण्णा आहेत. रात्रभर जागून आले आणि माझ्यासाठी न झोपता गाडी चार्जिंगला लावून आले होते. रडतायत ते. सारखं एकच म्हणतायत, मी चिठ्ठी लावली होती गं."